उद्धवरावांची शब्दसूची

दोनशे चौदा पॅकेजेस अपग्रेड करायची होती आणि ज्योत्स्नाबाई इंगोले यांनी ते काम दुपारच्या जेवणाआधी उरकायचं ठरवलं होतं. समोर जुना लॅपटॉप, त्यातून निघालेली एक पांढरी वायर, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला काडेपेटीच्या दुप्पट आकाराचा एक करडा डबा. त्या डब्यातून त्यांचे यजमान बोलत असत.

उद्धवराव शेजारच्या खुर्चीत बसून पेपर चाळत होते. डबा वायरीला जोडलेला असला की त्यांना बोलता यायचं नाही.

"अर्धा तास लागेल हो," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. उद्धवरावांनी मान हलवली.

परतवाड्यात उद्धवरावांना कोण ओळखत नव्हतं? मोटर वाइंडिंगचं दुकान हा त्यांचा धंदा; पण नाव झालं होतं ते तोंडामुळे. पंचक्रोशीत कुठेही शंकरपट असला की बैलजोड्या सुटण्याआधी माईक उद्धवरावांच्या हातात यायचा. शर्यत बारा-तेरा सेकंदांत संपायची, पण उद्धवराव तिचं वर्णन पाऊण तास करायचे. बैलाच्या आज्यापासून जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या सासुरवाडीपर्यंत सगळं त्यात यायचं. ज्योत्स्नाबाई मूळच्या नाशिकच्या. एसटीत नोकरी लागली, परतवाड्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बदली झाली, आणि खिडकीतला जळालेला पंखा दुरुस्त करायला हा माणूस आला. पंख्याचं काम वीस मिनिटांचं होतं. उद्धवराव संध्याकाळपर्यंत बोलत बसले होते. त्या वऱ्हाडी बोलण्यातलं निम्मं तेव्हा ज्योत्स्नाबाईंना कळलंच नव्हतं. उरलेल्या निम्म्यावर लग्न झालं.

मग अठ्ठावन्नाव्या वर्षी मेंदूच्या देठात रक्ताची एक गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं पूर्ण बंद झालं. बुद्धी शाबूत होती, शब्द जागेवर होते. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूचा जो भाग ओठांना, जिभेला, जबड्याला हुकूम सोडतो तो ठणठणीत आहे; हुकूम पोचवणारी वाट तुटली आहे. उद्धवरावांनी डाव्या हातानं पाटीवर वेडंवाकडं लिहिलं होतं, 'मोटर चांगली. लाइन आहे. मधली तार जळली.'

तारेला वळसा घालायची सोय तोवर निघाली होती. कागदाइतकी पातळ, टपाल तिकिटाएवढी एक पट्टी मेंदूच्या त्या भागावर पसरून ठेवतात. तिच्यावरचे दोनशे छप्पन्न ठिपके मेंदूतली विजेची हालचाल टिपतात आणि कमरेच्या डब्याकडे बिनतारी पाठवतात. डब्यात लिनक्सवर चालणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्यात कामाची तीन पॅकेजेस. 'उच्चार' हे पॅकेज ठरवतं, की माणूस कुठला आवाज काढू पाहतोय. 'आवाज' हे पॅकेज शेवटी ते बोलून दाखवतं. उद्धवरावांच्या मित्रानं, नथ्थूजी ढोल्यांनी, शंकरपटाची रेकॉर्डिंग्ज मोबाइलमध्ये जपून ठेवली होती, त्यावरून त्यांचाच खर्जातला आवाज पुन्हा तयार करता आला. आणि या दोघांच्या मधे बसतं 'अंदाज'.

खरी मेख अंदाजमध्येच होती. 'प', 'ब' आणि 'म' म्हणताना ओठ जवळपास सारखेच मिटतात, त्यामुळे पट्टीला त्यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून अंदाज मागचे-पुढचे आवाज बघून शब्द ओळखायचं. नव्वद टक्के खात्री असेल तर शब्द बोलायचं, नाहीतर नुसता 'टिक' असा आवाज करून गप्प राहायचं. मग उद्धवराव तो शब्द पुन्हा 'म्हणायचे'. मिनिटाला पंधरा-वीस शब्द, तेही अडखळत. त्यातून अंदाजला वऱ्हाडी येत नव्हती. ते शिकलं होतं पुस्तकांवरून, वर्तमानपत्रांवरून. 'का' या अर्थी 'काहून' म्हटलं की टिक, 'वेडा' या अर्थी 'बह्याड' म्हटलं की टिक. तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी डब्यातली शब्दसूचीची फाईल उघडायला शिकून घेतलं आणि रोज संध्याकाळी दोघं मिळून तिच्यात शब्द घालू लागले. पाच वर्षांत तीन हजारांवर शब्द झाले होते. त्यांतले काही टाइप करताना ज्योत्स्नाबाई आधी दार लोटून घेत.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करून कॉम्प्युटर चालवायचा, हे त्यांना शिकवलं झरीननं. झरीन पठाण नागपूरला या पॅकेजेसची देखभाल करणाऱ्या गटात होती. तिनं फोनवर सांगितलं होतं, "काकू, 'ॲप्ट अपडेट' म्हणजे बाजारात नवीन काय आलंय त्याची नुसती यादी आणायची. 'ॲप्ट अपग्रेड' म्हणजे माल खरंच घरात आणायचा. दोन्हींत गल्लत करू नका. आणि तो काही विचारत असेल तर पूर्ण वाचा, मगच हो म्हणा."

आता मार्चअखेर जुन्या सिस्टिमची सुरक्षेची दुरुस्ती बंद होणार होती. "ज्या डब्यातून माणूस बोलतो, त्यात बाहेरचं कुणी घुसता कामा नये," झरीन बजावत होती. तेव्हा अपग्रेड टाळण्यासारखं नव्हतंच.

ज्योत्स्नाबाईंनी हुकूम टाइप केला. पडद्यावर ओळी धावू लागल्या. एकेक पॅकेज उतरत होतं, उलगडत होतं, जागेवर बसत होतं. मधेच विचारणा व्हायची, पुढे जायचं का? हो. ही सेवा पुन्हा सुरू करायची का? हो. एकशे नव्वदाव्या पॅकेजला सगळं थांबलं.

'अंदाज: शब्दसूची आणि खात्रीची मर्यादा असलेली फाईल तुमच्याकडे बदललेली आढळली. देखभाल करणाऱ्यांनी नवी फाईल पाठवली आहे. नवी घ्यायची असल्यास वाय, तुमची ठेवायची असल्यास एन. नुसतं एंटर दाबल्यास तुमचीच राहील.'

ज्योत्स्नाबाईंनी ते पूर्ण वाचलं. घाईत वाचलं असं त्यांना पुढे कधी म्हणता आलं नाही. नव्या अंदाजच्या माहितीत लिहिलं होतं, 'अधिक ओघवतं, अधिक नैसर्गिक बोलणं.' गेल्या महिन्यात बँकेतल्या फोनवरच्या यंत्रानं उद्धवरावांचं वाक्य अर्ध्यावर आलं असताना तीनदा फोन कापला होता. पुण्याहून लेक, श्रावणी, फोन करायची तेव्हा तिचा नवरा मागून हळूच विचारायचा, "झालं का बाबांचं?" ज्योत्स्नाबाईंनी एकवार पेपरात डोकं घातलेल्या यजमानांकडे पाहिलं आणि वायची कळ दाबली.

दहा मिनिटांनी त्यांनी डबा यजमानांच्या कमरेला लावला.

"ज्योत्स्ना," उद्धवरावांचा आवाज म्हणाला, "झालं का तुझं काम? मला भूक लागली आहे."

ज्योत्स्नाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. वाक्य एका दमात आलं होतं. एकही टिक नव्हता. आणि तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांना या माणसानं 'जोस्ना' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

उद्धवरावांच्या भुवया वर गेल्या होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं. डब्याच्या कडेला एक लाल बटण होतं, चूक झाली की दाबायचं. ते त्यांनी दाबलं.

"क्षमा कर," आवाज म्हणाला. "जेवायला वाढतेस का?"

ज्योत्स्नाबाई हसून हसून बेजार झाल्या.

पहिले दोन-तीन दिवस ते बटण बरंच वाजलं. तरी रोज थोडं कमी. यंत्र शिकतंय, ज्योत्स्नाबाईंना वाटलं. चौथ्या दिवशी त्या बाजारातून आल्या तेव्हा उद्धवराव अंगणात उभे होते. चेहरा लाल, कपडे थोडे ओले. त्यांना पाहताच ते घाईघाईनं काही म्हणू लागले आणि डब्यातून शब्द आले:

"तू नसतीस तर मी वाहून गेलो असतो."

भाजीची पिशवी ज्योत्स्नाबाईंच्या हातात तशीच राहिली. आजारपणाची सहा वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकली. नागपूरच्या वाऱ्या, रात्रीची जागरणं, डाव्या हातानं घास घ्यायला शिकवणं. त्याबद्दल हा माणूस अवाक्षर बोलला नव्हता, आणि तो बोलावा अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर डोळ्यांना लावला, आणि भर अंगणात उद्धवरावांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. शेजारच्या गच्चीवरून कुणी पाहतंय का, याचंही त्यांना भान राहिलं नाही. उद्धवराव थोडा वेळ ताठ उभे होते. मग त्यांचा डावा हात ज्योत्स्नाबाईंच्या पाठीवर आला.

त्यानंतरचे चार महिने ज्योत्स्नाबाईंना नव्यानं लग्न झाल्यासारखे गेले. उद्धवराव नाशिककडच्या माणसासारखं, ज्योत्स्नाबाईंच्याच बोलीत बोलू लागले होते. 'आज साडी छान दिसते.' 'तू दमली असशील, बस थोडी.' एका रविवारी म्हणाले, "आज सांबार करशील का?" ज्योत्स्नाबाईंनी हौसेनं चिंच भिजवली, शेवग्याच्या शेंगा आणल्या. उद्धवरावांनी ताटाकडे जरा वेळ पाहिलं आणि मुकाट्यानं जेवले. पुढच्या रविवारी पुन्हा तीच मागणी. आपल्या माणसाला साठीनंतर दाक्षिणात्य चव लागली याचं त्यांना कौतुक वाटलं. श्रावणी फोनवर म्हणाली, "आई, बाबा किती गोड बोलतात गं आता!" बँकेनंही फोन कापला नाही.

एवढं मात्र खरं, की उद्धवराव पूर्वीपेक्षा कमी बोलत होते. वाक्यं सुरेख, पण मोजकी. दुपारी ते डबा काढून खुंटीला अडकवून ठेवायचे. "बरं वाटतं ना?" असं विचारलं, की मान हलवायचे.

ऑगस्टात नथ्थूजी ढोले आले. आसदपूरहून सायकलनं येणारा सत्तरीचा गडी. शंकरपटातली त्यांची जोडी आणि उद्धवरावांचं तोंड, दोन्ही एका जमान्यात गाजलेली. कापसाच्या पेरणीत आणि लेकीच्या बाळंतपणात अडकल्यामुळे मार्चपासून त्यांचं येणं झालं नव्हतं. दारातूनच ते ओरडले, "काय बे उद्धव्या, जित्ता हायेस का गेलास?"

"या, नथ्थूजी," डब्यातून आवाज आला. "आपण आलात, आनंद झाला. बसा."

नथ्थूजींनी मागे वळून पाहिलं, की आपल्यामागे आणखी कोणी आलंय का. मग ते खुर्चीच्या कडेवर बसले. उद्धवरावांनी लाल बटण दाबलं. "माफ करा," आवाज म्हणाला, "प्रवासात त्रास झाला नाही ना?" पुन्हा बटण. "आपली प्रकृती कशी आहे?" पुन्हा बटण, पुन्हा एक गोड वाक्य. स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलेल्या ज्योत्स्नाबाईंनी पाहिलं, तर उद्धवरावांच्या कपाळावर घाम होता आणि नथ्थूजी बशीतला चहा न फुंकता पीत होते.

फाटकापर्यंत त्या त्यांना सोडायला गेल्या. नथ्थूजींनी सायकलचं स्टँड काढलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "वहिनी, माह्यं काही चुकलं काय?"

"छे हो. असं का म्हणता?"

"पन्नास वर्सांत त्यानं मले शिवी देल्याबिगर पाणी नाही पाजलं. आज पाहुण्यावानी बोलला." त्यांनी पायडलवर पाय ठेवला. "राग असंल तं म्हनाव सांग. असं आपण-आपण नको करू."

ज्योत्स्नाबाई घरात आल्या तेव्हा उद्धवरावांनी डबा काढला होता आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

ज्योत्स्नाबाईंनी झरीनला फोन लावला. घडलेलं सगळं सांगितलं.

"काकू, अपग्रेडच्या वेळी त्यानं जुनी फाईल ठेवायची का विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत?"

"नवी घे म्हटलं."

"म्हणजे काकांची शब्दसूची गेली आणि नव्वद टक्क्यांची मर्यादाही गेली. नव्या फाईलमध्ये ती पस्तीस आहे. पस्तीस टक्के खात्री झाली, की उरलेलं वाक्य तो आपल्या मनानं पुरं करतो."

"पण ते इतकं बरोबर कसं जमतं? म्हणजे... गोड?"

झरीन अडखळली. "नव्या अंदाजमध्ये एक गोष्ट आम्ही मुद्दाम घातली. डब्याला माईक आहे. ऐकणाऱ्यानं 'काय?' असं विचारलं, तर आपला अंदाज चुकला, असं तो धरतो. ऐकणारा खुशीत बोलला, हसला, तर बरोबर आला असं धरतो आणि पुढच्या वेळी त्याच वळणानं जातो. बोलणाऱ्यानं चूकचं बटण दाबलं तर अर्थात ते आधी मोजतो. दाबलं नाही तर ऐकणाऱ्याच्या खुशीवर चालतो. तो दिवसभर सगळ्यात जास्त कुणाचं ऐकतो, काकू? तुमचंच ना?"

ज्योत्स्नाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणजे चार महिने त्या डब्याला आपण शिकवत होतो. आपल्याला काय ऐकायला आवडतं ते.

"डॉक्टरांसाठी सगळ्याची नोंद राहते," झरीन म्हणाली. "पट्टीला कुठले आवाज मिळाले, त्यावरून काय बोललं गेलं. बघायची असेल तर फाईल कुठे आहे ते पाठवते. पण काकांना विचारून बघा."

ज्योत्स्नाबाईंनी विचारलं नाही. दुसऱ्याची पत्रं फोडल्यासारखं वाटत होतं, तरी उद्धवराव सकाळी अंघोळीला गेले तेव्हा त्यांनी डबा वायरीला जोडला आणि नोंद उघडली.

डाव्या बाजूला आलेले आवाज, उजव्या बाजूला बोललेलं वाक्य, पुढे टक्के, आणि शेवटी बटण दाबलं की नाही ते. 'मी-ठ ल-य झा-लं वं' या आवाजांवरून यंत्र बोललं होतं, 'मीठ अगदी छान झालं.' 'सां-बा-र टाक व-र-तून' यावरून, 'आज सांबार करशील का?' ज्योत्स्नाबाईंनी कपाळावर हात मारला. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर! हे त्यांना तेहतीस वर्षं ठाऊक होतं. वरून कोथिंबीर टाक, म्हणून सांगत होते बिचारे, आणि दर रविवारी शेवग्याच्या शेंगा चोखत होते. ज्योत्स्नाबाईंना हसू आलं.

मग त्या मागे गेल्या. मार्चमध्ये. त्या चौथ्या दिवशी. ती ओळ बघावी की नाही, यासाठी त्यांनी दोनदा लॅपटॉप मिटला. शेवटी पाहिली.

'तू न-व-ती तं टा-की भ-रू-न वा-हू-न गे-ली.' एक्केचाळीस टक्के.

तू नव्हती, तर टाकी भरून वाहून गेली. त्या सकाळी मोटर चालू ठेवून त्या बाजारात गेल्या होत्या. म्हणून ते ओले होते. म्हणून चेहरा लाल होता. रागावले होते.

बाथरूममध्ये बादलीचा आवाज येत होता. ज्योत्स्नाबाई त्या एका ओळीकडे बघत बसल्या. एवढं एक वाक्य त्यांनी चार महिने उराशी धरलं होतं, झोपताना मनात म्हणून पाहिलं होतं. आणि ते टाकीबद्दल होतं.

लॅपटॉप मिटणार, तोच त्यांची नजर शेवटच्या रकान्याकडे गेली. पहिल्या तीन दिवसांत चूकचं बटण सत्तेचाळीस वेळा दाबलं होतं. टाकीच्या वाक्यापुढे मात्र बटण दाबल्याची खूण नव्हती. त्याच्या खालच्या वाक्यापुढेही नव्हती. त्या भराभर खाली येत गेल्या. एप्रिल, मे, जून, जुलै. त्यांच्याशी बोललेल्या एकाही वाक्यापुढे खूण नव्हती. चुका शून्य. मग एकदम ऑगस्टात, नथ्थूजी आले त्या दुपारी, दहा मिनिटांत अकरा.

उद्धवराव पंचा गुंडाळून बाहेर आले, तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाचलं. ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं. चोरी सापडल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा, आणि खरी चोरी तर ज्योत्स्नाबाईंनी केली होती.

"मी तुम्हाला न विचारता हो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडाचा प्रश्न होता आणि उत्तर मी दिलं. आता तुम्ही सांगा. हे असं ओघवतं बोलणं ठेवायचं, की परत आपलं जुनं? जुनं म्हणजे टिक टिक सुरू होईल. बँकवाले फोन कापतील. जावईबापू मागून विचारतील."

उद्धवरावांनी पाटी ओढली. डाव्या हातानं, एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'जुनी फाईल हाये का?'

हाच प्रश्न ज्योत्स्नाबाईंनी फोनवर झरीनला विचारला, तेव्हा ती हसली. "आहे, काकू! नवी फाईल घेतली तरी लिनक्स जुनी फेकून देत नाही. नावापुढे 'ओल्ड' लावून बाजूला ठेवतो. बाकी सगळं नवीनच राहू द्या, दोनशे तेरा पॅकेजेसना हात लावू नका. फक्त ती एक फाईल परत जागेवर आणा. आणि ऐकणाऱ्याकडून शिकायचं बंद, अशी एक ओळ तिच्यात घाला. मी पाठवते."

फाईल होती. ज्योत्स्नाबाईंनी उघडून पाहिली. काहून, कायले, बह्याड, गोठ, सांबार. तीन हजारांवर शब्द जसेच्या तसे. त्यांनी झरीनची ओळ घातली, नवी फाईल बाजूला करून जुनीला तिचं नाव देण्याचा हुकूम टाइप केला आणि हात मागे घेतला.

"एंटर तुम्ही दाबा."

उद्धवरावांनी डावं बोट पुढे केलं. क्षणभर ते बोट हवेतच राहिलं, त्यांनी बायकोकडे पाहिलं, जणू विचारत होते, की नक्की ना? ज्योत्स्नाबाईंनी मान हलवली. बोट खाली आलं.

पहिला फोन नथ्थूजींना गेला. डबा कमरेला लावून उद्धवरावांनी मोबाइल तोंडासमोर धरला. टिक. टिक. टिक. पलीकडे नथ्थूजी "कोन? कोन बोलते?" करत होते.

"नथ्थ्या," डबा म्हणाला. टिक. "बह्याड." टिक, टिक. "कायले... रुसून... रायला बे?"

पलीकडून जी शिवी आली ती शब्दसूचीत नव्हती. तासाभरानं सायकल दारात होती. दोघे म्हातारे सूर्य कलेपर्यंत ओसरीत बसून होते. उद्धवरावांचं एक वाक्य पुरं होईस्तोवर नथ्थूजींची एक विडी संपत होती, पण त्यांना कुठली गाडी पकडायची नव्हती. चहा देताना ज्योत्स्नाबाईंना, इंगोल्यांच्या ओसरीतून चार महिन्यांत आला नव्हता असा हसण्याचा गडगडाट ऐकू आला.

नथ्थूजी गेल्यावर त्या वेताचा बुटका मोडा ओढून उद्धवरावांसमोर बसल्या. सकाळपासून मनात होतं ते विचारलं.

"पाटी होती. बटण होतं. मग चार महिने मला का नाही सांगितलंत?"

उद्धवरावांनी अंगणाकडे पाहिलं. मग डब्याचा हिरवा दिवा लुकलुकला.

"त्या दिवशी..." टिक. "मी... भांडाले... आल्तो." टिक. टिक. "तुह्यं... तोंड... पाह्यलं." मोठा विराम. "मंग... बटन... दाबवलं नाई."

"आणि नंतर?"

"नंतर... तू... हासत होती." टिक. "मले... काय... चूपच... रायाचं होतं."

पंखा दुरुस्त करायला येऊन संध्याकाळपर्यंत गप्पा मारत बसणारा हा माणूस. शर्यत तेरा सेकंदांची असली तरी पाऊण तास बोलणारा. पाच वर्षं एकेक शब्द करून परत मिळवलेलं बोलणं त्यानं ज्योत्स्नाबाईंच्या हसण्यापायी खुंटीला टांगून ठेवलं होतं, आणि वर चार महिने सांबार खाल्लं होतं.

"एक विचारू?" त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "ते वाक्य. टाकीचं नव्हे, यंत्रानं केलेलं. तसं कधी म्हणावंसं... म्हणजे वाटलं होतं का हो कधी?"

उद्धवरावांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. दिवा लुकलुकला. टिक. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा दिवा. टिक. टिक. आता डब्याजवळ पस्तीस टक्क्यांची सवलत नव्हती. पुरती खात्री झाल्याखेरीज तो एक अक्षर बोलणार नव्हता, आणि उद्धवरावांनी त्याला असलं वाक्य कधी शिकवलं नव्हतं. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. घाम आला. टिक.

"राहू द्या हो," ज्योत्स्नाबाई कळवळून म्हणाल्या. "मला कळलं."

"नाई," डबा म्हणाला. शंभर टक्के स्पष्ट.

आणि उद्धवरावांनी पहिल्यापासून सुरुवात केली. ज्योत्स्नाबाईंनी मोडा जरा पुढे सरकवला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ऐकत बसल्या.